खोपोली, लोणावळा की गोराई : वॉटर पार्कचा वार्षिक पास घेण्याआधी

वॉटर पार्कचा वार्षिक पास घेणे म्हणजे पुढच्या बारा महिन्यांच्या सेवेचे पैसे आजच मोजणे. म्हणून मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी घसरगुंड्या मोजत बसण्यापेक्षा ते उद्यान कोणाच्या हाती आहे आणि आपले तिथे खरोखर किती वेळा जाणे होईल, हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोपोलीजवळचे इमॅजिका हे थीम पार्क मनमोहन शेट्टी यांच्या अ‍ॅडलॅब्स एंटरटेनमेंटने एप्रिल २०१३मध्ये सुरू केले आणि पुढच्या वर्षी त्याला वॉटर पार्कची जोड दिली. कंपनी २०१५मध्ये शेअर बाजारात उतरली, पण कर्जाचा डोंगर तिला पेलवला नाही. त्यात कोविडकाळात दारे बंद राहिली आणि अखेर २०२२मध्ये बँकांच्या कर्जाची तडजोड होऊन संगमनेरच्या मालपाणी समूहाने तिचा ताबा घेतला. लोणावळ्याचे वेट एन जॉय हे वॉटर पार्क मुळात याच समूहाचे होते. २०२४मध्ये तेही शिर्डीच्या उद्यानासह इमॅजिकाच्या कंपनीत आले. आता या दोन उद्यानांत तुलना करताना दोन मालकांत स्पर्धा आहे असे मानू नये, उलट एकच पास दोन्हीकडे चालेल का, हा प्रश्न खिडकीवर आवर्जून विचारावा.

या दोहोंतली निवड माझ्या मते बोरघाटच करून देतो. पुण्याहून निघालेल्याला लोणावळ्यासाठी घाट उतरावा लागत नाही, तर मुंबईकराला खोपोली घाट चढण्याआधीच लागते. शनिवारी सकाळी घाटात तासन्‌तास अडकण्याचा अनुभव एकदा घेतला की पासवरच्या पुढच्या फेऱ्या आपोआप रद्द होतात. इमॅजिकात थीम पार्क आणि वॉटर पार्क ही दोन वेगळी उद्याने आहेत, त्यामुळे पास नेमका कशाचा आहे हे वाचूनच पैसे भरावेत.

गोराईचे वॉटर किंगडम या दोहोंपेक्षा जुने, सुभाष चंद्रा यांच्या एस्सेल समूहाने १९९८मध्ये उभारलेले. बोरिवली किंवा मालाडच्या कुटुंबाला खाडी ओलांडून तिथे जाता येते आणि वारंवार जायचे असेल तर हे जवळपण फार मोलाचे ठरते. ठाण्या-पनवेलच्या कुटुंबाला मात्र ते लाभत नाही.

हिशेब करताना पासची किंमत आपण जाणार त्या दिवसाच्या ऑनलाइन तिकिटाशी ताडून पाहावी, कारण कामाच्या दिवशीचे तिकीट सुट्टीच्या दिवसापेक्षा बहुधा स्वस्त असते. लॉकर, नायलॉनचा पोशाख आणि जेवण यांचा खर्च प्रत्येक फेरीला नव्याने होतो, आणि तो पासमध्ये क्वचितच धरलेला असतो. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातील रविवारी पास चालतो का, हेही विचारून घ्यावे.

मुलांसाठी पास घेणाऱ्यांनी उंचीची अट आधी पाहावी. माझी भाची एका उद्यानात उंचीच्या पट्टीखाली टाचा उंचावून उभी राहिली होती. रक्षकाने हळूच तिचे खांदे खाली दाबले आणि ती बोटभर कमी भरली. मोठ्या घसरगुंड्या तिला त्या दिवशी बंदच राहिल्या. रक्षकाचे चुकले नव्हते, पण इतक्या लहान मुलासाठी वर्षभराचा पास घेण्यापेक्षा एकेका दिवसाचे तिकीट काढावे आणि उंची पुरी झाल्यावर पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर पासचा विचार करावा.