मेडिकल कोरियनची फ्लॅशकार्डं: सात महिने वापरून झाल्यावर

दक्षिण कोरियातल्या सुवॉनला येऊन आम्हाला आता दोन वर्षं होतील. नवऱ्याची नोकरी इथली, माझं काम पुण्यातल्या कंपनीचं पण घरून, आणि कोरियन म्हणाल तर भाजी, टॅक्सी आणि लिफ्टमधे भेटणाऱ्या आजींशी हवापाण्याच्या गप्पा, बास. दवाखान्यात गेलं की मात्र बोबडी वळायची. आणि दवाखाना टाळून चालत नाही, 2019 च्या जुलैपासून सहा महिन्यांवर राहणाऱ्या परदेशी लोकांना इथला राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे, दर महिन्याला हप्ता जातोच, मग म्हटलं जरा शिकूनच घेऊ आणि एक फ्लॅशकार्डांचा संच विकत घेतला. मोबाईलवर चालतो, बारा हजार वॉन, सहाशेच्या वर कार्डं. नाव देत नाहीये कारण पुढे भरपूर कुरकुर आहे.

आधी आयडिया सांगते, कारण आयडिया खरंच चांगली आहे. यात जडजंबाल लॅटिन-ग्रीक नावं नाहीत. रोजच्या वापरातले साधे इंग्रजी शब्द जे डॉक्टरच्या तोंडी गेले की वेगळाच अर्थ धरतात, ते घेतलेत. म्हणजे स्टूल, शॉट, ड्रिप, कास्ट, स्टिचेस, डिस्चार्ज, स्ट्रोक, पॉझिटिव्ह. पुढे इंग्रजी शब्द, मागे कोरियन. एका शब्दाचे दोन अर्थ असतील तर दोन कार्डं, हे मला फार आवडलं. डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणं तर थ्वेवॉन आणि डिस्चार्ज म्हणजे अंगातून काही येणं तर पुनबिमुल, दोन्ही वेगळं. हा फरक माहीत नसता तर मी कुठेतरी नक्की माती खाल्ली असती.

पहिला उपयोग एप्रिलमधे झाला. रविवारी क्रिकेट खेळताना नवऱ्याचा पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला. इथे आपल्यासारखं आधी फॅमिली डॉक्टर मग त्याची चिठ्ठी असं काही नसतं, गल्लीतल्या स्पेशालिस्टकडे सरळ जायचं, म्हणजे पाटीवरचा विभाग तुम्हालाच वाचता आला पाहिजे. हाडांचा डॉक्टर म्हणजे चॉंगह्यॉंग-वेग्वा. प्लास्टिक सर्जरीवाला म्हणजे सॉंगह्यॉंग-वेग्वा. एका अक्षराचा फरक, आणि एकाच बिल्डिंगमधे तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर दोघंही. आम्ही पाचव्यावर गेलो. लंगडणारा नवरा आणि समोर नाक-डोळे करून घ्यायला आलेल्या मुलींची रांग, रिसेप्शनिस्टने हसू दाबत खाली पाठवलं. विभागांची नावं या संचात एकही नाहीत, हा पहिला मायनस.

पण आत गेल्यावर कार्डं कामाला आली. डॉक्टर म्हणाले किप्सु घालावं लागेल, मला लगेच कळलं की कास्ट, म्हणजे आपलं प्लास्टर. नंतर लक्षात आलं की कोरियन म्हणून पाठ केलेला हा शब्द मुळात जर्मन, गिप्स. सलाईनला म्हणतात रिंगॉ, तो रिंगर नावाच्या इंग्रज डॉक्टरवरून आलाय. आणि घोट्याच्या बाहेर आलेल्या हाडाला इथले लोक पोकसुंगाप्यॉ म्हणतात, म्हणजे पीचचं हाड. सुजलेल्या घोट्याकडे बघून ते इतकं पटलं की पाठ करावंच लागलं नाही. (हे कार्ड संचात नाही, नर्सने शिकवलं.)

इंग्रजीचे इथे काय काय झालेत ती पण एक गंमतच आहे. नवऱ्याच्या ऑफिसमधला एकजण सांगत होता की त्याला दिस्खु आहे. मला वाटलं हार्ड डिस्कबद्दल बोलतोय. तर मणक्यातली गादी सरकते तो आजारच इथे दिस्खु, मानेचा असला तर मोक दिस्खु. आपल्याकडे 'गादी सरकली' म्हणतात, इंग्रजीत पण सरकल्याशिवाय नुसती डिस्क म्हणजे आजार नाही, इथे मात्र डिस्क असणं हाच आजार, तशी ती सगळ्यांनाच असते म्हणा. आणि ओबाइथु. हे ओव्हर-ईट वरून आलंय आणि अर्थ आहे उलटी, तीही बहुतेक दारू जास्त झाल्यावरची. डॉक्टरसमोर मात्र वापरू नका, तिथे कुथो म्हणायचं.

आता कुरकुर. संच बनवणाऱ्याने प्रत्येक इंग्रजी शब्दामागे एकच कोरियन शब्द दिलाय आणि इथेच घोळ आहे, कारण कोरियनमधे शरीराला दोन दोन नावं. एक चिनी अक्षरांवरून आलेलं, फॉर्मवर आणि रिपोर्टवर छापलेलं, आणि एक अस्सल देशी, माणसं बोलतात ते. किडनीच्या कार्डमागे होतं सिनजांग. एवढंच. मग मे महिन्यात एका क्लिनिकचा फॉर्म भरताना नाव, जन्मतारीख झाल्यावर रकाना आला सिनजांग. मला वाटलं वा, आधीच किडनीचं विचारतात म्हणजे किती काळजी घेतात, आणि मी मोठ्या ऐटीत कोरियनमधे लिहिलं 'काही त्रास नाही'. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत वाचला, आणि मग आपला हात डोक्यावर आडवा धरून दाखवला. सिनजांग म्हणजे उंची पण. शेजारी वजनाचा रकाना होता, तेवढं तरी बघायला हवं होतं मी. किडनीला बोलताना खोंगफात पण म्हणतात, खोंग म्हणजे सोयाबीनसारखं कडधान्य आणि फात म्हणजे लाल चवळीसारखं. इतका सोपा शब्द, पण संचात नाही.

हाडांचं तर याहून वाईट. नाकाचं हाड पण पीगोल आणि पायाच्या नळीशेजारचं बारीक हाड पण पीगोल, चिनी अक्षरं वेगळी पण उच्चार तोच. कोरियातल्या शरीरशास्त्रवाल्यांनाही हे खटकलं असणार कारण त्यांनी देशी नावं पुढे आणलीत, खोप्यॉ म्हणजे नाकाचं हाड, चोंगारिप्यॉ म्हणजे पोटरीचं हाड. ऐकलं की कळतं. पण जुने डॉक्टर, इन्शुरन्सचे कागद सगळे पीगोलवरच आहेत, म्हणजे तुम्हाला दोन्ही यायला पाहिजेत.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले. जूनमधे हेल्थ चेकअप केला, इथे त्यात थायरॉईडची सोनोग्राफी सर्रास टाकतात. चार दिवसांनी काकाओटॉकवर (इथलं व्हॉट्सॲपच) मेसेज. मी भाजी चिरत होते, हात पुसून बघितलं, मोठा परिच्छेद, त्यातले ओळखीचे शब्द दोनच: गळ्यातली ती ग्रंथी आणि यांगसॉंग. आता संचात पॉझिटिव्हच्या मागे काय आहे, यांगसॉंग. कोविडच्या किटवर दोन रेघा आल्या की यांगसॉंग, एक आली की उमसॉंग, हे मी शंभर वेळा घोकलेलं. म्हणजे गळ्यात काहीतरी आहे आणि ते पॉझिटिव्ह आहे. गॅस बंद केला आणि खाली फरशीवरच बसले. नवरा मीटिंगमधे, फोन उचलेना. वीसेक मिनिटांत मी पुण्याची तिकिटं, मुलीची शाळा, आईला काय सांगायचं इथपर्यंत पोचले होते, मग कसंबसं उठून शेजारच्या आजींची बेल वाजवली आणि मोबाईल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, यांगसॉंग आहे, चांगलं आहे. मी म्हटलं चांगलं कसं? मग त्यांनी वहीच्या कागदावर दोन चिनी अक्षरं काढून दाखवली. एक यांग म्हणजे यिन-यांगमधला यांग, त्याचं यांगसॉंग म्हणजे पॉझिटिव्ह. दुसरा यांग म्हणजे चांगला, सज्जन, त्याचं यांगसॉंग म्हणजे साधी गाठ, कॅन्सरची नाही. वाईट असती तर आकसॉंग लिहिलं असतं. लिहिताना कोरियन लिपीत दोन्ही हुबेहूब सारखे! आपल्याकडे 'पॉझिटिव्ह आलंय म्हणजे वाईट' हे पचवायलाच लोकांना वेळ लागला, इथे तर एकच शब्द बातमी वाईट पण सांगतो आणि चांगली पण.

संचात बिनाईन, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, हा शब्दच नाही, का तर म्हणे तो रोजचा साधा इंग्रजी शब्द नाही. मी त्यांना मेल केला, अजून उत्तर नाही.

त्याच रिपोर्टमधे अजून एक. संचात त्या ग्रंथीचं नाव कापसांगसॉन, रिपोर्टवर कापसांगसेम. कापसांग म्हणजे चिलखताच्या आकाराची, थायरॉईड शब्दाचं ग्रीक मूळ पण ढालीचंच आहे. सॉन हे ग्रंथीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमधे उदागावा गेनशिन नावाच्या माणसाने नवीन घडवलेलं चिनी अक्षर, आणि सेम हा देशी शब्द, म्हणजे पाण्याचा झरा. ग्रंथीला झरा, किती छान ना. नर्व्हसाठी सिनग्यॉंग हा शब्द पण जपानमधूनच आलाय, 1774 साली डच शरीरशास्त्राचं पुस्तक भाषांतरित करताना सुगिता गेनपाकू आणि मंडळींनी तो बनवला.

हे वाचल्यावर माझी ट्यूब पेटली की मी उगाच इंग्रजीतून जातेय. कोरियन कागदी शब्द चिनीतून बांधलेत, आपले कागदी शब्द संस्कृतातून, आणि बांधायची रीत जवळजवळ एकच. मधुमेह म्हणजे गोड लघवी, तांगन्यो म्हणजे साखर-लघवी. रक्तदाब तसाच ह्यॉराप, रक्त आणि दाब. स्टूलच्या, म्हणजे शौचाच्या, कार्डवर मी तीन आठवडे अडकले होते, तेब्यॉन की सोब्यॉन, कुठलं कुठलं. मग कळलं की ते म्हणजे मोठं आणि छोटं, अहो लघुशंका आणि दीर्घशंका! परत कधी चुकले नाही. त्या दिवसापासून प्रत्येक कार्डच्या नोट्समधे मराठी लिहायला लागले. सगळीकडे जुळतं असं नाही हं. डांग्या खोकला इथे शंभर दिवसांचा खोकला आहे, फ्रोझन शोल्डर म्हणजे पन्नाशीचा खांदा, ओशिपक्यॉन (मला अडतिसाव्या वर्षी सांगितला, राग आला). अक्कलदाढ तर इथे सारांगनी, प्रेमाचा दात. अक्कल आणि प्रेम एकाच दाढेला, बघा आता.

दुसरी मोठी त्रुटी म्हणजे इंग्रजीतून सुरुवात केल्यामुळे जे इंग्रजीत नाहीच ते संचात पण नाही, आणि इथले लोक डॉक्टरला नेमकं तेच सांगतात. मोमसाल. याला सरळ इंग्रजी शब्द मिळेना, पण मराठीत 'अंग मोडून आलंय, कसकस आहे' म्हटलं की झालं. छेहेस्सॉयो म्हणजे खाल्लेलं वर अडकून बसलंय, त्यावर आजी अंगठा सुईने टोचून रक्ताचा थेंब काढतात, मी हात मागे घेतला. पायात गोळा आला तर म्हणायचं च्वी आली, च्वी म्हणजे उंदीर पण.

बाकी ऑडिओ अगदी रोबोट छाप आहे, केमिस्टकडची बाई त्याच्या तिप्पट वेगाने बोलते. 'सिखु सामशिप्पुन', जेवणानंतर अर्ध्या तासाने, हे मी संचातून नाही तर औषधाच्या पाकिटावरून शिकले. सर्च मात्र मस्त चालतो, नेट नसलं तरी. घ्यायचा असेल तर घ्या, पण नोट्सची जागा रिकामी ठेवू नका आणि कुठल्याही रिपोर्टमधला एकच शब्द ओळखून फरशीवर बसू नका.

माझी आता नवीन यादी चाललीय कारण पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बीपी आहे, शुगर आहे. पेंगनेजांग, कोह्यॉराप, तांगन्यो, सगळं मराठीसकट मोठ्या अक्षरात कार्डबोर्डवर. काल फोनवर वाचून दाखवलं तर थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, अगं, मूळव्याधीचं पण लिहून ठेव, पण ते वेगळ्या कागदावर.