नवी पेठेतलं जुन्या पुस्तकांचं दुकान: आधी वाचा, मग घ्या

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात हे दुकान आहे. दर्शनी भागात शाळेच्या गाइडांचा ढीग, त्यामुळे आत काही असेल असं वाटत नाही. पण डाव्या हाताची सगळ्यात खालची फळी बघाच, सचित्र इंग्रजी पुस्तकं तिथे असतात.

मला तिथे सेंट किल्डावरचं पुस्तक १२० रुपयांत मिळालं. पुठ्ठा सुटलाय, फोटो मात्र शाबूत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिकातली ही बेटं. आमचं घर मागावर वाढलेलं, म्हणून सूत कातणाऱ्या बाईच्या फोटोवरच मी अडकलो. तिथे बायका लोकर कातायच्या आणि हिवाळ्यात पुरुष माग चालवायचे. जमीनदाराचा खंड ट्वीडचं कापड, समुद्रपक्ष्यांची पिसं आणि तेल देऊन फेडायचा. ते पक्षी धरायला माणसं दोराला लटकून कडे उतरायची. पत्र पाठवायचं तर लाकडाच्या चिमुकल्या होडीत घालून, मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधून समुद्रात सोडायचं!

१६९७ साली तिथे सुमारे १८० माणसं होती. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले, त्यातले बरेच वाटेतच गेले. धनुर्वाताने तान्ही मुलं दगावायची. पुढे तरणी माणसं बाहेर पडत गेली, कामाला हात पुरेनात. १९३० च्या मे महिन्यात उरलेल्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला, आम्हाला इथून हलवा. २९ ऑगस्टला शेवटचे ३६ जण जहाजावर चढले. निघताना घरांत बायबल उघडं ठेवलं आणि शेजारी थोडे ओट. ते पान वाचून मला पुढे वाचवेना. आमच्या पूर्व भागात माग बंद पडले तेव्हाही आधी पोरंच पुण्याला गेली, म्हातारी माणसं मागे राहिली.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ‘बसून वाचा, पटलं तर न्या,’ म्हणत त्यांनी स्टूल पुढे केलं, आणि अर्धं पुस्तक मी तिथेच वाचलं. अशी मोकळीक सोलापुरात मला दुसरीकडे मिळालेली नाही. भाव रास्त असतो, घासाघीस करू नका. वाचून परत दिलं तर अर्धे पैसे मिळतात.

विषयवार मांडणी अजिबात नाही, हवं ते स्वतः शोधावं लागतं. आत उजेड कमी आहे, मोबाइलची बॅटरी लावावी लागते. दमा असेल तर नाकाला रुमाल बांधून जा, धूळ फार आहे. रविवारी बंद.