आय-ट्री कॅनोपी : छोट्या शहराने एकदा तरी वापरून बघावं असं फुकट टूल

छोट्या शहरांत झाडांसाठी वेगळा माणूस बहुतेक नसतोच, रस्ते किंवा बागा बघणाऱ्याकडेच ते खातं असतं, आणि आपल्याकडे झाडं किती असं विचारलं की यंदा रोपं किती लावली तो आकडा पुढे येतो. जगली किती, मोठी किती, याचा पत्ता नाही. अशांसाठी हे टूल खरंच कामाचं आहे.

अमेरिकेच्या वनखात्याने २००६ साली आय-ट्री हा झाडांचा हिशोब काढायच्या टूल्सचा संच काढला, त्यातलं कॅनोपी हे सगळ्यात सोपं. ब्राउझरमध्येच चालतं. नकाशावर शहराची हद्द आखायची, मग ते वरून काढलेल्या गुगलच्या फोटोवर कुठेही ठिपके टाकत जातं आणि प्रत्येक ठिपक्याखाली झाड आहे, गवत आहे, छप्पर आहे की डांबर एवढंच तुम्ही सांगायचं. त्यावरून शहराचा किती टक्के भाग झाडांखाली आहे ते निघतं, आणि सोबत चूक किती असू शकते तेही दाखवतं, हे मला फार आवडलं. समजा २० टक्के आलं, तर १०० ठिपक्यांवर त्यात ४ टक्के इकडेतिकडे, ५०० केले तर साधारण १.८, आणि हजार केले तरी १.३ च्या आसपास, म्हणजे पुढे मेहनत जास्त आणि फायदा कमी. ५०० बास झाले.

ठिपके बघताना सावलीला झाड समजू नका, आणि मोठं झुडूप की लहान झाड हे वरून कळतच नाही, तिथे आधीच एक नियम ठरवा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. दोघं जण करत असाल तर जास्तच.

आता कमी काय. टक्का कळतो पण झाड कुठल्या जातीचं ते नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. सान्तामूर या अमेरिकन वृक्षतज्ज्ञांनी १९९० मध्ये सांगितलेला नियम आहे, एका जातीची झाडं १० टक्क्यांच्या वर नकोत, एका प्रजातीची (जवळच्या जातींचा गट, जीनस) २०, एका कुळाची ३०. अमेरिकेत ॲश झाडं पोखरणारा किडा २००२ मध्ये सापडला तेव्हा ज्या रस्त्यांवर दुतर्फा ॲशच होती ते रस्ते नंतर उघडे पडले, वरून बघताना ते आधी मस्त हिरवेच दिसत असणार ना! पोकळ बुंधा, शेंडा उडवून केलेली छाटणी, खोडाला चिकटवून ओतलेलं काँक्रीट, यातलंही काही फोटोत येत नाही. त्यासाठी टेप घेऊन फिरून वृक्षगणनाच करावी लागते, खोड १.३७ मीटर उंचीवर मोजायचं, जात लिहायची, तब्येत लिहायची. तो डेटा आय-ट्रीच्याच इको नावाच्या दुसऱ्या टूलमध्ये जातो, पण इको शिकायला वेळ लागतो, पहिल्याच दिवशी त्याच्या नादी लागू नका.

कॅनोपीतल्या प्रोजेक्टची फाईल मात्र आठवणीने सेव्ह करा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो शेवटी येणाऱ्या कार्बन आणि प्रदूषणाच्या आकड्यांसाठी. ते तुमच्या शहरात कोणी मोजलेले नसतात, झाडांखालच्या क्षेत्रफळाला ठरलेल्या दराने गुणून काढलेले असतात, तरी दिसतात असे पक्के की कुणीतरी थेट बॅनरवर छापणार.