विपथन कुठे सुधारायचं: वेगळ्या आरशांत की थेट ग्रेटिंगवर?

अतिनील दुर्बिणीच्या मुख्य आरशातच गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत न जुळण्याचा दोष) असेल, तर दुरुस्ती कुठे करायची: जादा आरसे घालून, की प्रकाशाचा वर्णपट पाडणाऱ्या बारीक रेघांच्या पृष्ठभागावर, म्हणजे ग्रेटिंगवरच? हबल अवकाश दुर्बिणीवर दोन्ही उपाय झाले. तिचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट निघाला. डिसेंबर १९९३मध्ये कोस्टार, म्हणजे इतर उपकरणांच्या वाटेत दुरुस्तीचे आरसे आणणारं उपकरण, बसलं. २००९मध्ये ते काढून त्या जागी कॉस हा अतिनील वर्णपटमापक आला.

खरा प्रश्न प्रकाशाच्या हिशेबाचा. कोस्टारमध्ये प्रत्येक वाटेवर दोन जादा परावर्तनं. ॲल्युमिनियमवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर देऊन १२० नॅनोमीटरला एका आरशावरून ८० टक्के प्रकाश परतला असं धरा, दोन आरशांनंतर उरतात ६४ टक्के. ११५ नॅनोमीटरच्या खाली तर परावर्तन इतकं घसरतं की बोलायलाच नको. कॉसच्या दूर-अतिनील वाहिनीत एकच परावर्तन: अंतर्वक्र होलोग्राफिक (लेसर किरणांच्या नक्षीतून रेघा उमटवलेलं) ग्रेटिंगच विपथन सुधारतं, वर्णपट पसरवतं आणि केंद्रितही करतं.

जुळवणीत कोस्टार नाजूक. त्याचा पहिला आरसा मुख्य आरशाची प्रतिमा दुसऱ्यावर पाडतो; ती किंचित सरकली की कोमा, म्हणजे बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी फुटण्याचा दोष, आलाच.

कॉसची अडचण वेगळी. दुरुस्ती प्रकाश आत घेणाऱ्या छिद्रानंतर होते, म्हणजे छिद्रावर प्रतिमा फुगलेलीच. म्हणून छिद्र २.५ आर्कसेकंदांचं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), आणि पसरट तेजोमेघाचा वर्णपट धूसर होतो.

हायड्रोकार्बनची वाफ पृष्ठभागावर बसून अतिनील प्रकाश शोषते, म्हणून दोघांनाही मारक. पृष्ठभाग जितके कमी तितकं बरं.

उपकरणं आधीच कक्षेत असतील किंवा चित्रंच घ्यायची असतील, तर आरशांची जोडी. नवा वर्णपटमापक, मंद आणि बिंदुवत स्रोत असतील, तर ग्रेटिंगच.