काच आतून ओली की बाहेरून? एक्झॉस्ट, डिह्युमिडिफायर की दुहेरी काच

पैसे काढण्याआधी सकाळी खिडकीच्या काचेवरून बोट फिरवा. ओल कोणत्या बाजूला आहे, त्यावर सगळं ठरतं.

जुलै-ऑगस्टात एसी १८ वर लावला की काच बाहेरून घामेजते. गार काच, बाहेर दमट हवा. बिघाड काहीच नाही. एसी २६ वर आणा, झडपा काचेकडून वळवा, संपलं. आणि पावसाळ्यात कूलर लावत असाल तर पंप बंद ठेवा. दमट हवेत आणखी पाणी कशाला?

खरी डोकेदुखी हिवाळ्याची, तेव्हा काच आतून ओली होते. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. एरवीही रात्री तो दहा अंशांच्या आसपास असतोच. खिडक्या घट्ट बंद, खोलीत दोन माणसं. त्यांच्या श्वासा-घामातून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं. वर दोरीवर टाकलेले ओले टॉवेल. आमच्याकडे सकाळी स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत धुळीचा चिखल साचायचा आणि पडद्याच्या अस्तरावर काळे ठिपके उठायचे. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "काच रडून राहिली ना तुमची!"

एक्झॉस्ट पंखा दीड-दोन हजारांत बसतो, वीज नगण्य. हिवाळ्यात तो चालतो, कारण बाहेरची हवा गार असली तरी तिच्यात पाणी कमी असतं: १० अंशांच्या हवेत घनमीटरला फार तर साडेनऊ ग्रॅम, २० अंशांच्या हवेत सतरा मावतात. ती आत येऊन तापली की कोरडी पडते. म्हणून अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं पंखा चालवा आणि हवा आत यायला एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा. पावसाळ्यात मात्र हाच पंखा बाहेरचीच ओल आत ओढतो.

तेव्हा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत जमवणारं यंत्र, कामाचा. पण बरा घ्यायचा तर पंधरा-वीस हजार, दोनशे-तीनशे वॉट, वर टाकी रोज ओता. कॉम्प्रेसरवाला गार खोलीत ढेपाळतो, म्हणजे ऐन थंडीच्या रात्री कमीच पाणी काढेल. भिंतीला बुरशी असेल, कपाटातल्या कपड्यांना वास येत असेल तरच घ्या.

दुहेरी काच, म्हणजे मधे हवाबंद पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा, सर्वांत महाग. आतली काच उबदार राहते, त्यामुळे ओल कमी धरते, हे खरं. पण ॲल्युमिनियमची चौकट तशीच ठेवली तर पाणी चौकटीवर धरणारच. खोलीतली वाफही जिथल्या तिथे. रिंग रोडला लागून घर असेल आणि गाड्यांच्या आवाजाचा त्रास असेल, तर त्यासाठी बसवा. नुसत्या घामासाठी मी बसवणार नाही. दोन काचांच्या मधेच धुकं दिसलं तर सील गेलं, ते पुसून जात नाही, काचेचा तो जोड बदलावा लागतो.

मी एक्झॉस्ट घेतला, टॉवेल गच्चीवर हलवले. स्लायडिंगच्या पट्टीतली पाणी वाहायची भोकं दाभणानं मोकळी केली, त्याला तर छदामही लागला नाही.