अर्धशिशी की सायनस? औषधांच्या दुकानातल्या डोकेदुखीच्या फळीची परख

आयुर्वेदिक औषधांच्या कुठल्याही दुकानात हा संवाद दिवसातून चार वेळा होतो. "काका, सायनसवर काही आहे का?" "हे न्या, दोन-दोन थेंब नाकात." बाटली पिशवीत, पैसे गल्ल्यात. दुखतं कुठे, किती वेळ, उलटी होते का, हे ना कोणी विचारत, ना कोणी सांगत. बाटलीच्या खोक्यावर तर एकाच ओळीत सायनस, अर्धशिशी, जुनाट सर्दी आणि केस गळणं असं सगळं नांदत असतं. या फळीवरच्या वस्तूंपैकी कोणती कशाला लागू पडते आणि कोणती उगाच पडून राहते, ते एकेक करून पाहू. पण आधी दुखणं कोणतं ते ठरवायला हवं, नाहीतर चांगली बाटलीसुद्धा वाया जाते.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. दुखत असताना मळमळतं का? उजेड नेहमीपेक्षा जास्त टोचतो का? गेल्या तीन महिन्यांत या दुखण्यानं एखादा दिवस तरी काम अडलं का? तीनपैकी दोनांना 'हो' आलं, तर अर्धशिशीची शक्यता दांडगी. तिचा ठोका, म्हणजे दुखण्याचा एक झटका, 4 ते 72 तास चालतो, बहुधा एका बाजूला, नाडीसारखा ठणका असतो आणि जिना चढलं तरी वाढतो. खरा सायनसचा दाह वेगळा दिसतो: नाकातून दाट पिवळा-हिरवा शेंबूड, वास न येणं, गालाच्या हाडाखाली किंवा वरच्या दाढांत दुखणं, कधी ताप. तो सहसा सर्दीच्या मागून येतो. नाक कोरडं ठणठणीत आणि दर महिन्याला दोनदा 'सायनस' उठतोय, असं असेल तर तो सायनस नसण्याचीच शक्यता जास्त.

गोंधळ होतो तो नाकामुळेच. अर्धशिशीत चेहऱ्याची जी मज्जातंतू चेतवली जाते, तिच्यामुळे डोळ्यात पाणी येतं, नाक चोंदतं, पातळ पाणी गळतं. ढगाळ हवेत दुखतं, कपाळ आणि डोळ्यामागे दाब वाटतो. मग माणूस सायनस म्हणणार नाही तर काय? 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 'सायनसची डोकेदुखी' सांगणारे 2991 जण तपासले, त्यांपैकी 88 टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीच्या व्याख्येत बसली. सुश्रुतानं 11 शिरोरोग सांगताना अर्धावभेदक (म्हणजे अर्धशिशी) आणि सूर्यावर्त वेगळे ठेवलेत. उन्हाबरोबर चढणारं, दुपारी कळसाला जाणारं, संध्याकाळी उतरणारं ते सूर्यावर्त. हल्ली सूर्यावर्त म्हणजे सायनस असं सरसकट छापलेलं दिसतं. एवढ्या वेळापत्रकावर निदान करू नये, शेंबूड पाहावा. ऐकायला बरं वाटत नाही, पण रुमाल खोटं बोलत नाही.

आता फळीकडे.

नाकासाठी सगळ्यात जास्त खपतं ते अणुतेल. कृती चरकाची. तिळाचं तेल, चंदन, अगरू, दारुहळद, ज्येष्ठमध, देवदार, शतावरी अशा औषधांचा काढा, आणि तेल दहा वेळा शिजवायचं, शेवटच्या पाकात शेळीचं दूध. इतका खटाटोप प्रत्येक बाटलीमागे झालेला असेलच असं नाही, म्हणून लेबलवर आधार-ग्रंथाचं नाव आणि घटकांची पूर्ण यादी आहे का ते पाहा. तेल पातळ हवं. बोटावर घेतलं तर तिळाचा आणि औषधांचा मंद वास यावा. नुसताच कापराचा झणका आला तर ती बाटली ठेवून द्या.

वापर असा: सकाळी, रिकाम्या किंवा हलक्या पोटी. कपाळ, गाल, नाकाच्या बाजू कोमट तिळतेलानं दोन मिनिटं चोळा, गरम पाण्यात पिळलेला पंचा चेहऱ्यावर धरा. खांद्याखाली उशी घेऊन मान थोडी मागे झुकवा. प्रत्येक नाकपुडीत 2 थेंब, हळू ओढा. मिनिटभर पडून राहा. घशात आलेलं गिळू नका, थुंका. मग कोमट पाण्याच्या गुळण्या. जेवल्यावर लगेच, डोक्यावरून नाहल्यावर, ताप असताना आणि सर्दी ऐन भरात असताना नस्य, म्हणजे नाकात असं औषध घालणं, नको. नेमका याच शेवटच्या प्रसंगी लोक बाटली उघडतात, तुंबलेल्या नाकात तेल साठतं आणि डोकं आणखी जड होतं. 10 मिलीची बाटली रोज 4 थेंबांच्या हिशेबानं दीड-दोन महिने पुरते. पंधरा दिवसांत संपली तर थेंब जास्त पडतायत. वयस्कर, गिळायला त्रास असलेली माणसं आणि लहान मुलं यांच्यात तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला इजा होऊ शकते, तेव्हा तिथे हा प्रयोग नकोच. आमचं मत: कोरड्या, खपल्या धरणाऱ्या नाकाला अणुतेल छान. अर्धशिशीचा ठोका थांबवण्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

शेजारची षड्बिंदू तेलाची बाटली जास्त तिखट. माका, एरंडमूळ, तगर, रास्ना, वावडिंग, सुंठ आणि सैंधव, तेही काळ्या तिळाच्या तेलात. नाव सहा थेंबांवरून पडलंय, पण घरी सहा थेंबांनी सुरुवात केली की डोळ्यांतून पाणी आणि घशात जळजळ ठरलेली. साचलेल्या दाट कफाला ती बरी, तीही वैद्यांनी नाक पाहिल्यावर.

आता जी वस्तू फळीच्या कोपऱ्यात धूळ खात असते आणि खरं तर सगळ्यात आधी घ्यायला हवी, ती म्हणजे नेतीचं, मिठाच्या पाण्यानं नाक धुण्याचं भांडं. ते आयुर्वेदाच्या नाही, हठयोगाच्या षट्कर्मांतलं, म्हणजे सहा शुद्धिक्रियांतलं, पण ठेवतात इथेच. स्टीलचं घ्या. तांब्याचं दिसायला देखणं, पण मिठाच्या पाण्यानं आतून हिरवं पडतं. तोटीच्या टोकावरून बोट फिरवा: टोक गोल आणि फुगीर हवं, म्हणजे नाकपुडीत घट्ट बसतं. स्वस्त भांड्यांना जोडाची धार राहते आणि ती आतली त्वचा खरवडते.

पाण्याचं माप चुकलं की सगळं चुकतं. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे छोटा चमचा सपाट, त्याहून किंचित कमी. मीठ कमी पडलं तर नाकात भाजल्यासारखं होतं, जास्त झालं तरी झोंबतं, आणि माणूस नेतीलाच नावं ठेवतो. पाणी नळाचं थेट नको. खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळून, झाकून कोमट होऊ द्या. नाकावाटे मेंदूत शिरणारा एक अमीबा असतो. त्याचा संसर्ग विरळा, पण बहुतेकदा जीवघेणा, आणि केरळात 2024 व 2025 मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण सापडले आहेत. फिल्टरच्या पाण्यावर विसंबू नका, उकळाच.

बेसिनवर पुढे वाका, डोकं एका बाजूला कलतं, तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास. वरच्या नाकपुडीत तोटी लावा, पाणी खालच्या नाकपुडीतून येईल. एका बाजूला पाव लिटर. झाल्यावर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाच्या नळीत चढतं आणि दोन दिवस कान दडा बसतो. अर्ध्या तासानं चपला घालायला वाकलात आणि नाकातून धार लागली तर घाबरू नका, पोकळ्यांत राहिलेलं पाणी असतं ते. नाक पूर्ण बंद असेल तर नेती करू नका. जुनाट सायनससाठी या फळीवर याहून भरवशाचं काही नाही. अर्धशिशीला मात्र याचा उपयोग शून्य.

अर्धशिशीसाठी जुनं नाव पथ्यादी काढ्याचं. हरडा, बेहडा, आवळा, काडेचिराईत, हळद, कडुनिंब, गुळवेल, आणि प्यायच्या वेळी गूळ. घेताना चूर्ण नको, भरड घ्या. बारीक चूर्ण तळाला बसून करपतं आणि गाळणी तुंबवतं. 10 ग्रॅम भरड 160 मिली पाण्यात, झाकण न ठेवता मंद आचेवर 40 मिली उरेपर्यंत. कडू इतकं की जीभ शहारते. म्हणून ऐन ठोक्यात देऊ नये: अर्धशिशीत पोटाची हालचाल मंदावलेली असते, मळमळ असतेच, काढा परत बाहेर येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात घ्यायचं औषध आहे हे. पहिले दोन-तीन दिवस पोट सैल होईल, ते त्रिफळ्यामुळे. मधुमेहींनी तयार बाटलीतला गूळ ध्यानात घ्यावा. गुळवेलीबद्दल एक टीप: 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली. वाद तज्ज्ञांचा असो, यकृताचा आजार असणाऱ्यानं काढा मनानं सुरू करू नये आणि इतरांनीही महिनोन्‌महिने ढोसू नये.

सुंठीची पूड ही फळीवरची सगळ्यात स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या चाचणीत 100 रुग्णांवर 250 मिलिग्रॅम सुंठ आणि सुमाट्रिप्टान या अर्धशिशीवरच्या औषधाची 50 मिलिग्रॅमची गोळी यांची तुलना केली, दोन तासांनी आराम जवळपास सारखा निघाला. चाचणी लहान, नुसत्या साखरेच्या गोळीशी तुलना नाही, तेव्हा फार उड्या मारायला नकोत. पण ठोका सुरू होताच चिमूटभर सुंठ कोमट पाण्यातून घेऊन मळमळ कमी झाली तर नुकसान काय? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारून.

सुंठ-वेखंड सहाणेवर उगाळून कपाळावर लेप लावायची घरोघरची रीत सर्दीच्या जडपणाला ठीक. लेप सुकायच्या आत, ओलसर असतानाच पुसायचा, नाहीतर कातडी ओढते आणि चरचरते. बामचंही तेच: मेंथॉल, कापूर, गंधपुऱ्याचं तेल यांनी नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण अर्धशिशीच्या माणसाला उग्र वास सहन होत नाही. घरच्यांनी मायेनं बाम चोळला आणि उलटी झाली, हा प्रकार फार जुना आहे. त्याला अंधारी खोली, गार पट्टी आणि शांतता द्या.

राहिल्या गोळ्या. पित्ताची सूतशेखर मात्रा अनेक मराठी घरांत असतेच. तीत पारा, गंधक, ताम्रभस्म, वत्सनाभ, धोतऱ्याचं बी पडतं. 'साधा' म्हणजे सोनं नसलेला, पारा नसलेला नव्हे. शिरःशूलादिवज्र रसातही पारा आहे. अशा औषधांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती नसेल तर गोळी कोणाचीही असो, घेऊ नका. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेली 193 आयुर्वेदिक औषधं अमेरिकी संशोधकांनी तपासली, त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. रसौषधींत, म्हणजे पारा-धातू घालून केलेल्या औषधांत, प्रमाण जवळपास दुप्पट. अर्धशिशी वर्षानुवर्षं चालणारी, म्हणजे गोळीही तितकीच पोटात जाणार. गर्भवतीनं आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यानं यांच्या वाटेला जाऊ नये. गोदंती भस्म त्यामानानं सौम्य, ते जिप्सम भाजून केलेलं. मात्र 'गोदंती मिश्रण' म्हटलं की वेगळं काही असू शकतं, यादी वाचा. सितोपलादी चूर्ण खोकला-सर्दीचं. त्यातले 31 भागांपैकी 16 भाग खडीसाखर. डोकेदुखीवर ते का देतात हे कोडंच आहे.

ठोक्यांची नोंद ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुखलेल्या दिवशी फुली, गोळी घेतली तर फुलीभोवती गोल. तीन महिने झाले की दिसतं: एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पाळीच्या आदल्या दिवशी, रविवारी उशिरा उठल्यावर. सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायचा जुना उपाय हसण्यावारी नेतात, पण अर्धशिशी उपाशी पोटावर उठते हे त्यात कुणीतरी टिपलेलं दिसतं. जिलेबीऐवजी वेळेवर पोळी-भाजी खा, काम तेच होईल. गोल मोजताना साध्या वेदनाशामकांचे महिन्यात 15 दिवस किंवा मिश्र (एकाहून जास्त औषधं असलेल्या) गोळ्यांचे 10 दिवस भरले आणि असं तीन महिने चाललं, तर दुखणं गोळ्यांमुळेच सुरू राहिलंय असं समजा. 'आयुर्वेदिक गोळीबरोबर एखादी साधी' असं म्हणणाऱ्यांचे गोल हमखास जास्त निघतात.

क्षणात वीज पडावी तसं आलेलं आयुष्यातलं सर्वांत भयंकर दुखणं, तापासोबत ताठ मान, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली: यांना फळीवर काही नाही, थेट रुग्णालयात. सायनसच्या माणसाचा डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसू लागले तरी तेच. मधुमेहींनी 2021 चा म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आठवावा. महाराष्ट्रानं तो जवळून पाहिलाय. नाकातून काळपट काही येऊ लागलं आणि गाल बधिर वाटला, तर नेतीचं भांडं हातात न घेता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं.