शिसे धरायला कोणती माती : केओलिनाइट की बेंटोनाइट?

पाण्यातले शिसे, तांबे, कॅडमियम काढायला माती निवडायची म्हटली की बहुतेक जण आधी धनायन विनिमय क्षमतेचा, म्हणजे माती आपल्याकडचे धन भाराचे आयन सोडून त्यांच्या जागी दुसरे किती धरू शकते याचा, आकडा बघतात, आणि केओलिनाइट तिथेच बाद होते. 100 ग्रॅम केओलिनाइटची क्षमता साधारण 3 ते 15 मिलिइक्विव्हॅलंट (आयनांच्या भारावरून मोजण्याचे एकक). बेंटोनाइटमधल्या मुख्य खनिजाची, मॉन्टमोरिलोनाइटची, 80 ते 150. शिशाच्या हिशेबात, 5 क्षमतेचे एक ग्रॅम केओलिनाइट विनिमयाने जेमतेम 5 मिलिग्रॅम शिसे धरेल, तर 100 क्षमतेचे मॉन्टमोरिलोनाइट शंभराच्या आसपास. आकडे खरे आहेत, पण निवड तेवढ्यावर करू नये.

फरक रचनेतला आहे. केओलिनाइटच्या थरात सिलिकाचा एक पत्रा आणि ॲल्युमिनाचा एक; दोन्ही मिळून जाडी सुमारे 0.7 नॅनोमीटर. लगतचे थर हायड्रोजन बंधांनी इतके घट्ट चिकटलेले असतात की मध्ये पाणीही शिरत नाही, मग धातूचे आयन कुठून शिरणार? मॉन्टमोरिलोनाइटमध्ये ॲल्युमिनाचा पत्रा सिलिकाच्या दोन पत्र्यांमध्ये बसतो. त्यातल्या काही ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतलेली असते, म्हणून थरावर कायमचा ऋण भार राहतो. तो भागवायला थरांमध्ये सोडियम-कॅल्शियम येतात, आणि त्यांना हटवून जड धातू बसतात.

केओलिनाइटचा कारभार मुख्यतः कणांच्या कडांवर चालतो. तिथे थर तुटलेला असतो, हायड्रॉक्सिल गट उघडे पडलेले असतात आणि त्यांचा भार पाण्याच्या सामूवर (pH) ठरतो. सामू 4 च्या खाली हायड्रोजन आयनच या जागा अडवतात. सामू चढला की जागा मोकळ्या होतात आणि शिसे, तांबे तिथे थेट रासायनिक बंधाने जखडतात. कॅडमियम आणि जस्त मात्र सहसा इतके घट्ट बसत नाहीत.

खारट पाण्यात ही गोष्ट महत्त्वाची ठरते. थरांमधल्या आयनाला धरून ठेवते ते मुख्यतः विद्युत आकर्षण. सोडियम-कॅल्शियमची गर्दी झाली की तो हाकलला जातो. कडेला बांधलेले शिसे मिठाला सहसा दाद देत नाही. अर्थात मॉन्टमोरिलोनाइटलाही कडा असतात, तेव्हा हा मुद्दा फार ताणू नये. आम्ल पडले तर दोन्ही मात्या धरलेला धातू सोडू लागतात.

चाचणी घेताना एक फसगत हमखास होते. सामू 6-7 च्या पुढे शिसे बऱ्याचदा मातीशिवायही साक्याच्या रूपात खाली बसते आणि श्रेय मातीला मिळते. म्हणून माती न घातलेली एक बाटली शेजारी ठेवाच.

पाणी मातीतून वाहवायचे असेल तर बेंटोनाइट फुगून वाट बंद करते. केओलिनाइट फुगत नाही, तरी कण बारीक असल्याने त्यातही वाळू मिसळावी लागते. उलट कचराभूमीच्या तळाला अस्तर घालायचे असेल, तर बेंटोनाइटचे तेच फुगणे कामी येते.

क्रोमेट किंवा आर्सेनेट (पाण्यातली क्रोमियम आणि आर्सेनिकची रूपे) काढायचे असेल तर ते ऋण भाराचे, त्यामुळे विनिमय क्षमतेचा इथे काहीच उपयोग नाही. केओलिनाइटच्या कडा आम्लधर्मी पाण्यात थोडे आर्सेनेट धरतात, पण त्या कामासाठी मी लोहाच्या ऑक्साइडकडे वळेन. गोड्या, संथ पाण्यात धातूंचे मिश्रण जास्त असेल तर बेंटोनाइट. शिसे थोडे, क्षार बरेच आणि सामू 5-6 च्या दरम्यान असेल तर केओलिनाइटला आधी संधी द्यावी.